टू-स्ट्रोक म्हणजे धूरच, असं आता राहिलेलं नाही

स्नोमोबाइल (बर्फावर पळणारी गाडी) कमी धूर सोडणारी करायची तर फोर-स्ट्रोक इंजिनच हवं, असं बरेचजण म्हणतात. अर्धंच पटलं. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असतानाच एक्झॉस्ट पोर्ट (जळालेला वायू बाहेर जायचं भोक) उघडं असायचं, त्यामुळे जवळपास पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर. निळा धूर मात्र ऑइलचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये आधी नुसती हवा आत घेतात आणि पोर्ट झाकत आलं की इंजेक्टर पेट्रोल फवारतो. स्की-डू या स्नोमोबाइल ब्रँडचं ई-टेक इंजिन २००९च्या मॉडेलपासून हेच करतंय. फोर-स्ट्रोकपेक्षा वजनही आटोक्यात राहतं, म्हणून खोल भुसभुशीत बर्फात जाणारी मंडळी अजून टू-स्ट्रोकलाच धरून आहेत.

आवाजाचं गणित जरा फसवं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात स्नोमोबाइलच्या आवाजाची मर्यादा ७३ डेसिबलवरून ६७ वर आली. पण हे आकडे थेट ताडून पाहू नका. आधीची चाचणी फुल थ्रॉटलची, नंतरची ताशी ३५ मैलांच्या स्थिर वेगाची. आणि तशा वेगात इंजिन शांत केलं तरी गाडीला पुढे ढकलणाऱ्या खालच्या फिरत्या पट्ट्याची खडखड उरतेच. ती इलेक्ट्रिक मॉडेललाही चुकलेली नाही.