ईटॅब्स: भिंतीचा लोड कमी केला, फुटिंग वाढलं कसं काय की?

तिसऱ्या_गेटचा:
खानापूर रोडला जी प्लस टू घर करालोय. ईटॅब्समध्ये (बिल्डिंग डिझाईनचं सॉफ्टवेअर) मॉडेल रन होऊन फुटिंगसुद्धा, म्हणजे कॉलमखालचा पाया, काढून झालं, आणि मालकांचा फोन: आतल्या भिंती नऊ इंचीऐवजी साडेचार इंची करा. म्हटलं बरंच की, वजन उतरेल. मजला ३ मीटर, बीम ४५० मिमीचा, म्हणजे भिंत २.५५ मीटर. आधी ०.२३ × २.५५ × २० (विटकामाचं घनमीटरमागे वजन) = ११.७३ केएन (किलोन्यूटन) प्रति मीटर, आता निम्मा, ५.८७. मॉडेल अनलॉक केलं, बीम सिलेक्ट करून नवा आकडा घातला, परत रन. आतल्या भिंती एकूण ४२ मीटर, म्हणजे बेस रिॲक्शन (पायावर येणारा एकूण भार) २४६ केएननं उतरायला हवी. उलट चढली! मालक उद्या सकाळी येणार. भिंत पातळ केली म्हणून फुटिंग वाढलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?

निपाणीचा_गडी:
चढली ती कितीनं?

तिसऱ्या_गेटचा:
तेच तर. बरोबर २४६.

निपाणीचा_गडी:
मग सापडलं की गड्या. लोड देताना ॲड, रिप्लेस, डिलीट असे तीन पर्याय येतात, तुझं ॲडवर राहिलंय. जुन्या ११.७३ च्या डोक्यावर ५.८७ बसलाय. बीमवर राइट क्लिक करून लोड्स बघ, १७.६ दिसेल.

जुना_सिव्हिल:
रिप्लेस मारायच्या आधी थांबा. जिन्याचा लोड त्याच बीमवर, त्याच पॅटर्नमध्ये (लोडच्या त्याच गटात) दिला असाल तर तोही पुसला जाईल. आणि वॉल पॅटर्नचा सेल्फ वेट मल्टिप्लायर (बांधकामाचं स्वतःचं वजन त्या पॅटर्नमध्ये किती पट धरायचं तो आकडा) शून्यच आहे ना बघा. तिथं १ राहिला की स्लॅब-बीमचं वजन दोनदा धरलं जातं. आमच्याकडं एका पोरानं असंच करून चांगले जाडजूड कॉलम काढले होते. मालक खूश, ‘मजबूत केलंय’ म्हणून सांगत फिरायचे.

तिसऱ्या_गेटचा:
१७.६ च निघाला! मल्टिप्लायर शून्य आहे. सर, तुमचं वाचायच्या आधीच रिप्लेस मारून बसलो होतो, लँडिंगच्या दोन बीमवरचा जिना गेला. आता तो वेगळ्या पॅटर्नमध्ये घातलाय.

जुना_सिव्हिल:
कॉम्बिनेशनमध्ये (डिझाईनला सगळे लोड एकत्र धरतात त्यात) घेतलात काय तो पॅटर्न?

तिसऱ्या_गेटचा:
नव्हता घेतला. आता घेतला, रन लावलाय.