साहेबांचा तोंडी आदेश लेखी मागितला तर नातं तुटतं का?

कृषी सहायक, यवतमाळकडचा

नमस्कार मंडळी. सात वर्षं झाली या कामात. आता पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी झालंय, पण गावात अजून 'कृषीवाले'च म्हणतात. आतापर्यंत तीन साहेब पाहिले. तिघांचे स्वभाव तीन तऱ्हेचे, पण तिघांशीही जमलं. कशामुळे जमलं ते सांगतो. पटत नसेल त्यांनी खुशाल विरोधात लिहा.

ऑक्टोबरातली गोष्ट. सोयाबीनची सवंगणी म्हणजे कापणी झालेली, गंज्या (ढीग) शेतात, आणि वरून चार दिवस पाऊस. माझ्या सज्ज्यात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, तलाठी, ग्रामसेवक आणि मी पंचनामे करत होतो. एका बांधावर म्हातारबांनी गंजीत हात घालून मूठभर शेंगा काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. प्रत्येक शेंगेतून कोंब बाहेर आलेला, कुबट वास, आतला दाणा बोटानं दाबला तर पीठ व्हायचा. तेवढ्यात साहेबांचा फोन. "तुझ्या सज्ज्याचा आकडा फार येऊन राहिला. ३३ च्या खाली आण थोडा." ३३ टक्के नुकसान असेल तरच मदत मिळते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आकडा खाली आणला की त्या म्हातारबांच्या हातात काहीच पडणार नव्हतं.

फोनवर वाद घातला नाही. "पुन्हा पाहतो साहेब" एवढंच म्हणालो आणि खरंच पुन्हा पाहिलं. संध्याकाळी त्यांना एकट्यांना मेसेज केला: "सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे तिन्ही गावं परत पाहिली. नुकसान ४० ते ६० टक्के दिसतं. फोटो सोबत आहेत. आकडा बदलायचा असल्यास कृपया लेखी कळवावं."

दोन दिवस साहेब बोलले नाहीत. त्या दोन दिवसांत घशाखाली घास उतरला नाही, हेही कबूल करतो. तिसऱ्या दिवशी "गाडीत बस" म्हणाले आणि शेतावर आले. गंजीत स्वतः हात घातला. आकडा तसाच वर गेला. पुढे दुसऱ्या सज्ज्याचा आकडा आला की ते मलाच विचारू लागले, "तुला काय वाटतं, खरं असेल का?"

महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ मध्ये नियम ३ आहे. वरिष्ठाच्या निर्देशावरून वागायचं असेल तर निर्देश शक्यतो लेखी घ्यावा, आणि तोंडी घ्यावा लागला तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा नाही, ती आपली जबाबदारीच आहे. माझं मत सरळ आहे. 'हो जी, हो जी' करून साहेब खूश होतो, पण भरवसा ठेवत नाही.

ग्रामसेवक, बुलडाणा जिल्हा

भाऊ, तुमचे साहेब गाडीत बसवणारे निघाले हे तुमचं नशीब. माझं ऐका.

मार्चअखेर. घरकुलं पूर्ण दाखवा, असा वरून तगादा. माझ्या गावात काही घरांवर स्लॅबच पडलेला नव्हता. साहेब फोनवर म्हणाले, पूर्ण दाखव, छत मागून टाकतील. मी तुमच्यासारखाच नियम वाचलेला. तालुक्याच्या ग्रुपवर टाकलं: "तोंडी सूचनेची लेखी पुष्टी मिळावी." ग्रुपवर चाळीसेक लोक. पाच मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही, मग साहेबांचा फक्त अंगठा आला. पंधरा दिवसांत आणखी दोन ग्रामपंचायतींचा अतिरिक्त कार्यभार गळ्यात. मूल्यमापन अहवालात शेरा, 'सहकार्याची वृत्ती कमी'.

घरं पूर्ण दाखवली नाहीत याचं दुःख नाही, तेवढं बरोबरच केलं. पण साहेबाशी नातं म्हणाल तर ते संपलं. नियमाचं पुस्तक चौकशीच्या दिवशी कामी येतं. सोमवार ते शनिवार काम चालतं ते बोलण्याचालण्यावर. त्यांच्या घरी लग्न असलं की जावं, त्यांचं ऐकून घ्यावं, आपलं हळूच सांगावं. कागद मध्ये आला की माणूस परका होतो, हे मी भोगलंय.

जिनिंगचा फिटर, अकोल्याकडचा

राजेहो, तुमी सारे सरकारी. आमच्या इथी लेखी मांगतलं त मालक म्हन्ते, उद्यापासून येऊ नोको. दसऱ्यापासून होळीपर्यंत सीझन, मंग घरी. कोनता नियम अन् कोनतं काय.

पन म्हनून मालक म्हन्ते त्याले मी हो म्हनतो, असं नाई. मागच्या सीझनले ओला कापूस आला. मीटरवर ओलावा १४. सीसीआय, म्हंजे सरकारी कापूस खरेदीवाले, ८ च्या वर गेलं की भाव कापते अन् १२ च्या वर घेतच नाई. आमच्या मालकानं पडत्या भावात घेऊन टाकला. म्हने, रात्रीच रेचे (सरकी काढाच्या मशिनी) चालव. समोर दलाल बसला व्हता, चार शेतकरी व्हते. तिथी मी काईच बोललो नाई. सारे उठून गेले, मालक चहा घ्याले लागला, तवा दोन मुठी रुई घेऊन गेलो. एक कोरड्या ढिगाची, एक ओल्याची चालवून पाह्यलेली. दोन्ही टेबलावर ठेवल्या. ओल्याची पिवसर, गुठळ्या गुठळ्या. म्हनलं, "शेठ, १७० किलोची गाठ बांधू, अन् घेनारा रंग पाहून भाव पाडन. दोन दिवस उन्हात पसरू द्या."

मालकानं दोन्ही रुया बोटानं ओढून पाह्यल्या. लय येळ काईच बोलला नाई. मंग म्हने, "पसरव."

म्हनून ग्रामसेवक भाऊचं मले पटते. कागद नोको. पन भाऊ, तुमी चार लोकायमधी बोलले, तिथी चुकलं.

आशा कार्यकर्ती, गोंदिया जिल्हा

आमचा साहेब कोण, इथूनच सुरुवात आहे. गटप्रवर्तक ताई, उपकेंद्राच्या सिस्टर, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, आणि गावात सरपंचही हुकूम सोडतात. पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला. हा मोबदला मिळतो क्लेमच्या फॉर्मवर वरच्यांची सही झाली तर.

एकदा तीन महिन्यांचा मोबदला अडकला. "तुझा फॉर्मच आला नाही." मी दिला होता, स्वतःच्या हातानं. रात्री दोन वाजता बाई घेऊन दवाखान्यात गेले होते, त्याचे पैसे होते ते. तेव्हापासून एक वही केली. तारीख, काय दिलं, कोणाला दिलं, आणि घेणाऱ्याची सही. पहिल्या दिवशी ताईंना राग आला. "माझ्यावर भरवसा नाही का?" मी म्हटलं, "ताई, वर हरवला तर विचारतील तुम्हालाच. तेव्हा ही वही तुमच्याच कामी येईल." खरंच आली. पुढच्या महिन्यात त्यांनी सगळ्या आशांना वही करायला लावली.

ग्रामसेवक दादा, बोलण्यावर भागतं ते पुरुषांचं. चहाच्या टपरीवर साहेबाशेजारी बसता येतं तुम्हाला. मला कुठे बसता येतं? माझ्यासाठी कागदच उठबस आहे.

निवृत्त मंडळ कृषी अधिकारी, अमरावती

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस. तिकडचं सांगतो.

दुपारी जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, असते. वरिष्ठ गावाचं नाव घेऊन आकडा विचारतात. तेव्हा माझ्याकडे उत्तर नसेल तर जो घाम फुटतो, तो मी कधी खालच्यांना सांगितला नाही. चुकीचे तोंडी आदेश त्याच घामातून निघतात. मीही दिलेत, आज त्याची लाज वाटते. ज्यांनी मला वाईट बातमी सकाळीच सांगितली, "साहेब, आज तुम्हाला हे विचारतील, खरी स्थिती अशी आहे", ती मुलं मी कधी विसरलो नाही. जे व्हीसी संपल्यावर सांगायचे, ते कितीही गोड बोलले तरी जवळचे वाटले नाहीत.

लेखी मागितल्याचा मला राग आला नसता. ग्रुपवर मागितलं असतं तर आला असता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

आता ग्रामसेवकांना एक विचारतो. स्लॅब का पडले नव्हते, हे तुम्ही साहेबांना सांगितलं होतं का?

ग्रामसेवक, बुलडाणा जिल्हा

काका, रेती नव्हती. रेतीघाट बंद, आणि चोरीची रेती घरकुलवाल्याला परवडत नाही. साहेबांना तसं वेगळं सांगितलं नाही. मला वाटलं, त्यांना माहीतच असणार.

आणि आशा ताई, तुमचं वाचून थांबलो. ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

निवृत्त मंडळ कृषी अधिकारी, अमरावती

नाही बाबा, त्यांना माहीत नसतं. त्यांना फक्त 'अपूर्ण' हा शब्द दिसतो. घरकुलाला ५ ब्रासपर्यंत (ब्रास हे रेती मोजायचं माप) रेती मोफत द्यायचं धोरण आहे, आणि ती मिळवायला तहसीलदारांशी बोलावं लागतं. ते तुमच्यापेक्षा तुमच्या साहेबांना, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांना, सोपं आहे. तुम्ही त्यांच्याकडे पुष्टी मागितली. रेती मागितली असती तर त्यांनाही काहीतरी करता आलं असतं.

कृषी सहायक, यवतमाळकडचा

काकांचं वाचून माझंही थोडं बदललं. माझ्या मेसेजमुळे साहेब आले असं मी समजत होतो. आता वाटतं, ते फोटोंमुळे आले. त्या फोटोंच्या जोरावर त्यांना वर उत्तर देता आलं.

तरी लेखी सोडणार नाही. फिटर भाऊंच्या मालकाचं नुकसान झालं तर ते मालकाचं. माझ्याकडे खोटा आकडा गेला तर ते नुकसान त्या म्हातारबांचं होतं, आणि सही माझी असते.

ग्रामसेवक भाऊ, ती घरं अजून तशीच आहेत का?

ग्रामसेवक, बुलडाणा जिल्हा

सहा आहेत. एकाच्या भिंतींवर ताडपत्री टाकून लेकरंबाळं राहतात.

साहेब गुरुवारी पंचायत समितीत असतात. यादी घेऊन जातो. कोणाचं काम कुठे थांबलं, कोणाला किती ब्रास कमी पडते. गर्दी ओसरल्यावर, एकटाच. मेसेज वगैरे काही टाकणार नाही.

कृषी सहायक, यवतमाळकडचा

जा भाऊ. पण परत आल्यावर काय ठरलं त्याच्या दोन ओळी त्यांना पाठवा. फक्त त्यांनाच.

ग्रामसेवक, बुलडाणा जिल्हा

आधी रेती येऊ द्या. मग ओळींचं पाहू.