किम नोव्हाक 'संपली' नव्हती

हिचकॉकच्या 'व्हर्टिगो' या चित्रपटानंतर हॉलिवूडची अभिनेत्री किम नोव्हाक संपली, असं काही जण म्हणतात. तसं नाही पटत. ती संपली नाही, ती निघून गेली.

शिकागोच्या चेक कुटुंबातली ही मुलगी. मूळ नाव मॅरिलिन. हॉलिवूडमध्ये एक मॅरिलिन आधीच गाजत होती, म्हणून ते तिने सोडलं. आडनाव बदलायला मात्र कोलंबिया स्टुडिओच्या हॅरी कोनलाही ठाम नकार दिला. कोन म्हणजे किती दांडगा मालक, हे वेगळं सांगायला नको! पुढे १९५७ मध्ये पगारावरून तिने त्याच स्टुडिओविरुद्ध चक्क संप केला. आठवड्याला १,२५० डॉलर हातावर ठेवायचे आणि तिला दुसऱ्या निर्मात्यांना भाड्याने देऊन रग्गड कमवायचं, असा तो धंदा होता.

म्हणूनच १९५८ च्या 'व्हर्टिगो'त दुसऱ्याच्या हट्टापायी केस, कपडे, चाल बदलणारी जूडी तिला इतकी जमली, असं मला वाटतं. (ती भूमिका आधी व्हेरा माइल्स ही दुसरी अभिनेत्री करणार होती, बरं का.)

साठच्या दशकातच तिने हॉलिवूडकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. नंतर थोडी तुरळक कामं, १९९१ मध्ये शेवटचा चित्रपट. ओरेगनमध्ये घोडे, चित्रकला आणि पशुवैद्य नवरा. २०२५ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाने तिला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला.