खांबाला घासलेला टेललॅम्प आणि पुढच्या नोकरीत ‘हा गाडी ठोकतो’: ड्रायव्हरच्या नावावर काय लागावं?

डिस्पॅचवाला, अंबड

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी अकरा वर्षं डिस्पॅच बघितलं. गाड्या लावणं, बिल्ट्या, डिझेल, ड्रायव्हरांची उचल, सगळं माझ्याकडे. एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे एक ड्रायव्हर होता. चौदा वर्षं कसारा घाट चढला-उतरला, कुणाला खरचटलं नाही. एका रात्री दोन वाजता कारखान्याच्या डॉकवर, म्हणजे माल भरायच्या ओट्याला, गाडी रिव्हर्स लावताना मागचा उजवा कोपरा खांबाला लागला. टेललॅम्प फुटला, पत्रा चेपला. मागे उभं राहून हात दाखवायला कोणी नव्हतं, कारण क्लीनर ठेवणं शेठनी आधीच बंद केलं होतं. साडेनऊ हजार खर्च आला. दोन पगारांत कापला. तो काही बोलला नाही.

पुढच्या वर्षी तो आडगावकडच्या एका ट्रान्सपोर्टला कंटेनरवर लागणार होता. द्राक्षं घेऊन न्हावा शेव्याच्या खेपा, भत्ता चांगला. तिकडून चौकशीचा फोन आला, तो मीच घेतला. “ॲक्सिडेंट आहे का नावावर?” मी म्हटलं, “एक आहे.” त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याचं काम गेलं. मला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, “भाऊ, मी गाडी ठोकतो असं सांगितलं का तुम्ही?”

तसं सांगितलं नव्हतं, पण समोरच्याने तेच ऐकलं. डॉकचा खांब आणि राहुड घाटात ब्रेक न लागून झालेली धडक, आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे. म्हणून माझं मत असं: कुणाला इजा नाही, दुसऱ्याचं नुकसान नाही, गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली, तर ते पुढच्या मालकाला सांगूच नये. ऑफिसपुरती नोंद ठेवा. त्याच दिवशी, जागा, वेळ, फोटो आणि ड्रायव्हरचं म्हणणं लिहून.

सहा गाड्या, पिंपळगाव

पटत नाही. सांगूच नये म्हणजे काय? मी कर्जाची गाडी त्याच्या हातात देणार आणि आधी काय झालं ते मला कळू नये?

माझ्याकडे एक जण आला होता. जुन्या मालकाने फोनवर “चांगला आहे” सांगितलं. चार महिन्यांत द्वारका चौकात आरसा गेला, टोलच्या लेनमध्ये बंपर गेला. दोन्ही वेळा मी “होतं असं” म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या वेळी चांदवडजवळ उभ्या पिकअपला मागून धडकला आणि आतल्या पोराचा पाय मोडला. मग मी जुन्या मालकाला परत फोन केला, तर म्हणतो, “हो, थोडंफार घासायचा.” ते थोडंफार मला आधी कळलं असतं, तर त्या पोराचा पाय शाबूत राहिला असता. काय किरकोळ आणि काय नाही ते मी ठरवीन, मला सगळं सांगा.

क्लेमचं काम

मी विम्याच्या क्लेमचं काम करतो. ड्रायव्हरच्या पगारावर हे का येतं ते कुणी बोलत नाही. व्यावसायिक गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, साइड पार्ट, बंपर आणि रंग एवढ्याचंच नुकसान असेल तर ते धरत नाहीत. त्यासाठी आयएमटी 23 हे कलम जादा प्रीमियम भरून घ्यावं लागतं, आणि बरेच मालक तेच वाचवतात. म्हणजे डॉकवर, टोलवर, बाजार समितीच्या गेटवर जे जे घासतं, नेमकं तेच विम्याबाहेर. ज्यांनी घेतलंय तेही क्लेम टाकत नाहीत. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर 20 टक्के, चढत 50 टक्क्यांपर्यंत जाते आणि एका क्लेमने ती जाते.

मालकाचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे. पण कापायच्या आधी ड्रायव्हरला विचारलं का? नुकसानीपोटी पगार कापायचा तर कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, हे 1936 च्या वेतन कायद्यात होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे.

बावीस वर्षं स्टेअरिंग

डिस्पॅचवाले भाऊ, तुम्ही चांगल्या मनाने म्हणताय, पण लिहू नका. तोंडी बोललेलं लोक विसरतात, कागद विसरत नाही. आता तर कागदही लागत नाही. लायसनचा फोटो काढून ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर टाकतात, खाली लिहितात “याला गाडी देऊ नका”. माझ्या एका जोडीदाराचा असा फोटो फिरला होता. कारण होतं उचलीच्या पैशाचं भांडण, गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. तो फोटो पुसायला सांगायचं कुणाला?

आणि मालक, त्या ड्रायव्हरच्या तीन घटना मोजल्या, तशा आदल्या रात्रीच्या झोपा मोजल्या का? लासलगावला दिवसभर भरणीची वाट बघायची, संध्याकाळी ताडपत्री-दोर झाले की लगेच निघ, सकाळी वाशीला पोच पाहिजे. दिवसाला आठ तास काम असं 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात लिहिलं होतं म्हणतात. मला तो दिवस अजून दिसायचा आहे.

सहा गाड्या, पिंपळगाव

काका, माझ्या गाडीवर झोप काढूनच निघायचं असं मी सांगतो. सगळे मालक सारखे धरू नका.

सेफ्टी, सातपूर

मालकांच्या बाजूने एक मुद्दा. 1931 मध्ये हाइनरिश नावाच्या अमेरिकन माणसाने कारखान्यांसाठी एक प्रमाण मांडलं होतं: एका गंभीर अपघातामागे 29 किरकोळ दुखापतीचे आणि 300 बिनदुखापतीचे. आकड्यांवर नंतर खूप वाद झाले, पण किरकोळ घटना लिहायची सवय त्यातून लागली. ती लिहितो कशासाठी, तर जागा आणि कामाची पद्धत सुधारायला. आमच्याकडे एकाच खांबाला तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी गाडी घासली होती. पहिल्या दोघांची गेटबंदी केली. तिसऱ्याच्या वेळी कुणीतरी रात्री जाऊन बघितलं तर वरचा दिवाच बंद. दिवा लावला, खांबाला पिवळे पट्टे मारले, घासणं थांबलं. गेटबंदी मात्र कुणी उठवली नाही, मी दोनदा मेल केला तरी.

स्कूटीवाली, सिन्नर फाटा

मी ट्रकवाली नाही, पण बोलते. गेल्या पावसाळ्यात एका ट्रकने माझ्या स्कूटीचं हँडल घासलं, मी रस्त्याच्या कडेला पडले. नशिबाने फक्त कोपर सोलवटलं. ट्रक थांबला नाही. त्याच्या मालकाच्या वहीत ही घटना असेल का? गाडी स्वतःच्या चाकांवरच गेली ना परत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर ड्रायव्हरने पोलिसांना कळवायचं असतं, उशिरात उशिरा 24 तासांत. तुमचं “किरकोळ” गाडीच्या बाजूने मोजू नका.

बावीस वर्षं स्टेअरिंग

ताई, थांबायला हवं होतं. त्याची बाजू घेत नाही. पण गर्दी जमते तेव्हा केबिनमध्ये काय वाटतं ते सांगतो: आधी मार, मग पोलीस, मग नोकरी. जानेवारी 2024 मध्ये मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोंवर टँकर संपात उभे राहिले ते याच भीतीने. धडकेत माणूस मेला आणि ड्रायव्हर न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आली होती नव्या कायद्यात.

भाचा तिकडे चालवतो

माझा भाचा अमेरिकेत ट्रक चालवतो. तिकडे नोंदायच्या अपघाताची व्याख्या आहे: मृत्यू, किंवा जागेवरून हलवून उपचार लागतील अशी जखम, किंवा गाडी टो करावी लागली तर. त्याचं रजिस्टर कंपनीने तीन वर्षं ठेवायचं. नव्या मालकाने मागच्या तीन वर्षांच्या मालकांना विचारलंच पाहिजे, आणि त्यांनी काय कळवलं ते ड्रायव्हर मागून बघू शकतो, चुकीचं असेल तर उत्तर जोडू शकतो. पण त्याशिवाय एक खाजगी रिपोर्ट असतो, त्याला डॅक म्हणतात. त्यात कंपन्या बारीकसारीकही टाकतात आणि त्यावरून कामं जातात. तक्रार केली तर साधारण 30 दिवसांत तपासून द्यावं लागतं. म्हणजे भांडण तिकडेही आहे, फक्त भांडायला खिडकी आहे.

डिस्पॅचवाला, अंबड

ताईंचं मान्य. दुसऱ्या कुणाला लागलं तर ते किरकोळ नाही, माझ्या वाक्यात ते होतं, पण ठळक नव्हतं. मालकांचं अर्धं मान्य. तीन महिन्यांत तीन वेळा घासलं तर सांगावं, पण तिन्ही कसे घासले ते सांगावं. “थोडंफार” आणि “एक आहे” या दोन्ही शब्दांनी घात केला, तुमच्याकडे त्या पोराचा, माझ्याकडे त्या ड्रायव्हरचा.

काका, न लिहिण्याचं मात्र मला पटत नाही. माझ्याकडे त्या रात्रीचा फोटो आणि चार ओळी असत्या तर फोनवर वाचून दाखवल्या असत्या.

सहा गाड्या, पिंपळगाव

वाचून दाखवल्या असत्या तर मी त्याला घेतलं असतं, हे खरं आहे. तरी सांगूच नये हे मी मानणार नाही. तुमच्या वहीचे रकाने कसे पाडायचे ते टाका इथे.

बावीस वर्षं स्टेअरिंग

रकाने पाडाल तेव्हा एक बघा. सही घ्यायच्या आधी लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि त्या पानाचा फोटो ड्रायव्हरच्या मोबाईलवर पाठवायचा. तेवढं असेल तर मी सही करीन. नसेल तर माझ्याकडून अंगठाही मिळणार नाही.