आयफोन १६ई : ५९,९०० रुपयांना घ्यावा की नाही?

हिशेबनीस

१९ फेब्रुवारी २०२५ ला ॲपलने आयफोन १६ई जाहीर केला. प्री-ऑर्डर २१ पासून, विक्री २८ पासून. १२८ जीबी ५९,९००, २५६ जीबी ६९,९००, ५१२ जीबी ८९,९००. होम बटणवाला एसई आणि आयफोन १४ यादीतून गेले, त्यामुळे सर्वांत स्वस्त नवा आयफोन तेव्हा हाच ठरला.

माझं मत : या किमतीला घेऊ नये. मागे एकच ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा. रुंद दृश्य टिपणारा अल्ट्रावाइड नाही, म्हणून अगदी जवळून टिपायचा मॅक्रोही नाही. मॅगसेफ, म्हणजे चुंबकाने चिकटणारं चार्जिंग, नाही; वायरलेस चार्जिंग साध्या क्यूआयवर ७.५ वॉटचं. अल्ट्रा वाइडबँड चिप नाही, म्हणजे किल्ल्यांना लावलेला एअरटॅग (हरवलेली वस्तू शोधायची चकती) नकाशावर दिसेल, वाजेलही, पण किती फुटांवर आणि कुठल्या दिशेला हे बाणाने कळणार नाही. स्क्रीन ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच ताजी होणारी, आणि वर तीच जुनी नॉच, म्हणजे कॅमेऱ्याची काळी खाच. आयफोन १५ची यादीतली किंमत तेव्हा ६९,९०० होती, १६ची ७९,९००, आणि दोन्ही ऑनलाइन सेलमध्ये त्याखाली उतरत. १६ई मात्र पहिले काही महिने छापील किमतीलाच राहील असा माझा तेव्हाचा अंदाज. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी कारणं सांगावीत.

नाक्यावरचा

६० हर्ट्झचं रडगाणं आधी सोडा. १५ही ६० हर्ट्झ, १६ही ६० हर्ट्झ. त्या मुद्द्यावर नाकारायचं तर तिन्ही नाकारा आणि वनप्लस १३आर घ्या : जानेवारी २०२५ मध्ये तो ४२,९९९ ला आला, १२ जीबी रॅम, २५६ जीबी जागा, ६००० एमएएचची बॅटरी, १२० हर्ट्झ. तिथे माझा काही वाद नाही.

आयफोनच हवा असेल तर मात्र १५पेक्षा १६ई सरस. १५मध्ये ए१६ चिप आणि ६ जीबी रॅम, १६ईमध्ये ए१८ आणि ८ जीबी. १६च्या चिपमध्ये ग्राफिक्सचे पाच कोअर आहेत, इथे चार. तो फरक जड गेम खेळणाऱ्यालाच जाणवेल. सलग व्हिडिओचे ॲपलने दिलेले तास बघा : १५चे २०, १६चे २२, १६ईचे २६. आणि आयुष्य? २०१८ च्या एक्सआरला २०२४ चं आयओएस १८ मिळालं. पाच-सहा वर्षं फोन न बदलणाऱ्याने २०२३ चा १५ कशाला घ्यावा?

वऱ्हाडी ठेचा

एक आकडा दोघांनीही गाळला : स्क्रीनचा उजेड. १६ईचा नेहमीचा ८०० निट्स, एचडीआर व्हिडिओत १२००. १५ आणि १६ उन्हात २००० पर्यंत चढतात. ऑफिसात बसणाऱ्याला फरक कळणार नाही. पण डिलिव्हरी, बांधकामाची साइट, शेताची मोजणी, म्हणजे ज्याचा फोन भरदुपारी उघड्यावर चालतो, त्याने १६ईच्या वाटेला जाऊ नये. मॅप बघायला हाताची सावली धरावी लागेल.

नाक्यावरचा

ते २००० टिकतात किती वेळ? ॲपल स्वतःच सांगतं की फोन ० ते ३५ अंशांत वापरा. मे महिन्यात नागपुरात सावलीत ४५. फोन तापला की स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं, फ्लॅश बंद पडतो. १६ असो की १६ई.

वऱ्हाडी ठेचा

मे सोडा ना भाऊ. जानेवारीत २८ अंशांनाही ऊन असतंच. तेव्हा फोन तापत नाही, पण वाचता तर यायला पाहिजे.

घाटावरची

बॅटरीच्या तासांचं कौतुक चाललंय, पण त्यामागे मोठी बॅटरी आहे तसाच नवा मॉडेमही (फोनला नेटवर्कशी जोडणारी चिप) आहे, आणि जोखीम तिथेच आहे. सी१ हा ॲपलने स्वतः बनवलेला पहिला मॉडेम. आयफोन १२ पासून क्वालकॉम कंपनीचे होते. मिलिमीटर वेव्ह, म्हणजे ५जीचा अतिवेगवान पण कमी पल्ल्याचा प्रकार, नसल्याची चिंता भारतात नको, इथे विकल्या गेलेल्या आयफोनांत ते नव्हतंच. खरी परीक्षा आपल्या नेटवर्कांवर आहे. जिओचं ५जी स्वतंत्र चालतं, एअरटेलचं २०२५ च्या सुरुवातीला मुख्यतः ४जीच्या आधाराने चालत होतं. ५जी सुटून ४जीवर जाताना, खंडाळ्याच्या बोगद्यांत किंवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कॉल तुटतो का हे घोषणेतल्या व्हिडिओवरून कळत नाही.

म्हणून घाईने घेऊ नका. कुणाकडे असेल तर वायफाय आणि वायफाय कॉलिंग दोन्ही बंद करून तपासा. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्कच्या भागात ‘व्हॉइस अँड डेटा’ शोधा. तिथे ‘५जी ऑटो’ आणि ‘५जी ऑन’ दोन्ही लावून बघा. डायलवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबलं की फील्ड टेस्ट उघडते. त्यातला आरएसआरपी, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा, उणे ९० च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला, उणे ११० च्या खाली गेला तर तिथे कुठलाही फोन रडणार. त्याच जागी तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. आकडा सारखा असूनही १६ईवर डेटा अडखळला तरच दोष मॉडेमकडे जातो. नेटवर्क खराब असताना फोनला शिव्या घालणारे रिव्ह्यू पुष्कळ येतील.

मोकळा कोपरा

ॲपल इंटेलिजन्ससाठी (ॲपलच्या फोनमधलं एआय) म्हणून कुणी १६ई घेत असेल तर जरा थांबा. मराठी त्यात नाही. ते चालवायला फोनची आणि सिरीची भाषा दोन्ही त्याला चालणारी, उदाहरणार्थ इंग्रजी, ठेवावी लागते. शिवाय ७ जीबी जागा मोकळी लागते, आणि १२८ जीबीत ती टोचते. ४के ६० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला ४०० एमबी खातो. हळदीचं अर्ध्या तासाचं चित्रीकरण म्हणजे १२ जीबी. तेच ४के ३० फ्रेमवर मिनिटाला १७० एमबी, म्हणजे ५ जीबीच्या आसपास.

२५६ जीबीला १०,००० जास्त. आयक्लाउडचे २०० जीबी महिना २१९ रुपयांना, म्हणजे त्या दहा हजारांत पावणेचार वर्षं निघतात. घरी चांगलं वायफाय असेल तर १२८ आणि क्लाउड हा स्वस्त मार्ग. मोबाइल डेटावरच भिस्त असेल तर २५६, पण मग ६९,९०० होतात आणि हिशेबनीसांचा मुद्दा परत डोकं वर काढतो.

हिशेबनीस

डोकं वर काढतोच. ‘नो कॉस्ट ईएमआय’ही तपासून घ्या. व्याजाएवढी सूट दुकान आधी देतं, बँक व्याज लावतेच, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या माथी येतो. १२ हप्ते आणि १६ टक्के दर धरला तर ५९,९०० मध्ये व्याज साधारण ४,८९० रुपये, त्यावर जीएसटी ८८०. वर प्रोसेसिंग फी. म्हणजे हजारभर रुपये ‘नो कॉस्ट’चे.

उलट बाजूही सांगतो. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने धंद्यासाठी घेतला आणि बिलावर आपला क्रमांक घातला, तर ५९,९०० मधले ९,१३७ रुपये कराचे असतात, त्यांचं क्रेडिट मिळू शकतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या छोट्या व्यापाऱ्याला नाही.

बे एरियातली

इकडे अमेरिकेत ५९९ डॉलरला आला म्हणून भावाबहिणींचे मेसेज सुरू होतील, त्यांच्यासाठी. कॅलिफोर्नियाचा किमान ७.२५ टक्के कर धरून ६४२ डॉलर, तेव्हाच्या ८७ च्या दराने ५५,९०० रुपये. वाचतात चार हजार, तेवढी सूट भारतात कार्डावरही कधी कधी मिळते. मुख्य अडचण वेगळीच : अमेरिकी मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. आई-बाबांसाठी नेणार असाल तर जुन्या फोनमधलं सिम काढून यात घालण्याची सोय संपली. फोन बिघडला की ओटीपीसाठी धावाधाव.

नाक्यावरचा

मग माझा हिशेब असा. सेलमध्ये १६ आणि १६ईमध्ये सात हजारांपेक्षा कमी अंतर राहिलं तर १६ घ्या. अल्ट्रावाइड, मॅगसेफ आणि उजेड त्यात वसूल होतात. अंतर पंधरा हजारांवर असेल तर १६ई. १५ कुठल्याच भावात नको.

वऱ्हाडी ठेचा

१५ पन्नास हजारांखाली मिळाला तरी नको? उन्हात काम करणाऱ्याला १५मध्ये नसलेलं एआय घेऊन काय करायचं आहे? मला पटत नाही.

मोकळा कोपरा

कुणी विचारायच्या आत : चुंबकवालं कव्हर लावलं तर १६ई मॅगसेफच्या चकतीला चिकटेल, गाडीतल्या स्टँडवर बसेलही, पण चार्जिंग ७.५ वॉटच्या वर जाणार नाही. बॉक्समध्ये केबल आहे, ॲडॅप्टर नाही. २० वॉटचा कुठलाही चांगला यूएसबी-पीडी (जलद चार्जिंगचा) ॲडॅप्टर चालतो, अर्ध्या तासात निम्मी बॅटरी भरते. आधीच्या फोनचा चौकोनी तोंडाचा ५ वॉटचा असेल तर ही केबल त्यात बसणारच नाही, तेव्हा तोही खर्च बजेटमध्ये धरा.