रोबला उतरलेले चिनी लोक सोन्याच्या खाणींपर्यंत चालत का गेले?

दर्यावर्दी_मेलबर्न:
लाँग वीकेंडला साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोबला गेलो होतो. तिथे समुद्राकाठी स्मारकाचा दगड आहे, १८५६ ते ५८ मध्ये सोळा हजारांवर चिनी लोक इथे उतरले आणि बॅलरॅट-बेंडिगोला सोनं शोधायला चालत गेले असं लिहिलंय. सोनं व्हिक्टोरियात, मेलबर्नला एवढं बंदर, मग इतक्या लांब उतरून शेकडो किमी पायपीट कशासाठी? आणि पुढे गेले कुठे हे सगळे? परतीच्या अख्ख्या रस्त्यात आम्ही नवरा-बायको हेच बोलत होतो.

बेंडिगोची_माई:
कर, दुसरं काही नाही. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने फक्त चिन्यांसाठी कायदा केला, उतरणाऱ्या प्रत्येकामागे १० पौंड आणि जहाजाच्या दर १० टनांमागे एकच चिनी माणूस. हे लोक बहुतेक ग्वांगडोंगमधले शेतकरी, कित्येकांनी भाडंच कर्ज काढून भरलेलं, वर १० पौंड आणायचे कुठून? मग कप्तान त्यांना हद्दीपलीकडे रोबला उतरवायला लागले. तिथून खांद्यावर कावड, कावडीला तांदूळ, भांडी, अवजारं, आणि एकामागे एक अशी शेकडो माणसांची रांग, आठवडेच्या आठवडे चालायचं. वाटाडे पैसे घ्यायचे आणि काही जण अर्ध्या रस्त्यात सोडून पळून जायचे, हे वाचलं की अजून संताप येतो. १८५७ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियानेही तसाच कर लावला, मग जहाजं सिडनीकडे वळली.

गावठी_भूगोल:
माई, अॅरारॅट राहिलं की! १८५७ मध्ये रोबहून निघालेली अशीच एक सातशेएक जणांची टोळी वाटेत पाण्यापाशी थांबली आणि तिथेच त्यांना सोनं सापडलं, तोच कँटन लीड (लीड म्हणजे जमिनीखालचा सोन्याचा पट्टा). बातमी फुटल्यावर गोरे खाणवाले हजारोंनी आले आणि बघता बघता अॅरारॅट गाव उभं राहिलं. म्हणजे ज्यांना राज्यात येऊच द्यायचं नव्हतं त्यांनी त्या राज्याला एक शहर दिलं, आणि हे शाळेत पहिल्या धड्यात शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. तिथे या चिनी लोकांच्या इतिहासाचं गम सान म्युझियम आहे, नक्की जा.

निळूभाऊ७२:
पण एवढा राग का होता? स्पर्धेची भीती का?

बेंडिगोची_माई:
भीती होतीच, वर वंशद्वेष. खरं तर चिनी लोक बरेचदा गोऱ्यांनी टाकून दिलेली माती पुन्हा धुवायचे, गटाने, मुकादमाच्या हाताखाली, आणि त्यातूनही सोनं काढायचे, तेच डोळ्यात खुपायचं. ४ जुलै १८५७ ला व्हिक्टोरियातल्याच बकलँड नदीवर जमावाने त्यांची वस्ती लुटली, नवं मंदिर जाळलं, दोन हजारांवर लोकांना हुसकून लावलं, काही जीव गेले. खटला झाला पण मोठ्या गुन्ह्यांतून ज्यूरीने सोडून दिलं. त्या भेदभावाच्या कायद्यांबद्दल सरकारची माफी आली ती थेट २०१७ मध्ये. त्या वर्षी चिनी वंशाच्या लोकांचा एक गट रोबहून मेलबर्नपर्यंत पुन्हा चालत आला आणि व्हिक्टोरियाचे तेव्हाचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डॅनियल अँड्र्यूज यांनी माफी मागितली.

दर्यावर्दी, तुमचा दुसरा प्रश्न. १८५७ च्या सुमाराला व्हिक्टोरियात पंचवीसेक हजार चिनी होते, बायका अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, सगळी घरं मागे चीनमध्ये, त्यामुळे कर्ज फिटलं की बरेच परत गेले. राहिले त्यांनी भाज्यांचे मळे केले, दुकानं टाकली. बेंडिगोत व्हाइट हिल्सच्या कबरस्तानात चिनी थडगी आहेत आणि मृतांसाठी कागद जाळायची विटांची भट्टीही आहे.

दर्यावर्दी_मेलबर्न:
खूप खूप आभार. बेंडिगोला कधी यावं?

बेंडिगोची_माई:
ईस्टरला. मिरवणूक हॉस्पिटलच्या मदतीसाठी १८७१ पासून निघते आणि चिनी समाज एकोणिसाव्या शतकापासून त्यात आहे. त्यांचा जुना लूंग ड्रॅगन आता गोल्डन ड्रॅगन म्युझियममध्ये ठेवलाय, मिरवणुकीत नवा नाचतो. जागा धरायला सकाळी लवकर या, आणि पार्किंग लांब करा.