आई-बाबा दोघेही डॉक्टर, नॉन-क्रीमीलेअर अडलंय. मदत हवी आहे

नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) झाली आहे, राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी फॉर्म भरायचाय. आम्ही ओबीसी, त्यामुळे नॉन-क्रीमीलेअर दाखला (ओबीसींतल्या सधन गटात, म्हणजे क्रीमीलेअरमध्ये नाही याचा) लागतो. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी) हातात आहे, डोमिसाईलही. दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच.

आई बीएएमएस, सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी, गट ब, कायम. बाबांचा तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना. रिटर्न्सप्रमाणे त्यांचं उत्पन्न गेली तिन्ही वर्षं साडेपाच-सहा लाखांच्या आत. (डॉक्टर म्हटलं की लोकांना बंगलाच दिसतो, असो.) शेती नाही.

सेतूतून अर्ज केला, त्रुटी काढून परत आला. तहसीलला गेलो तर क्लार्कने आईच्या फॉर्म १६ वर लाल पेनाने बाबांचा आकडा मांडला, बेरीज केली आणि 'आठ लाखांच्या मर्यादेच्या वर जातंय' म्हणून कागद सरकवला. माझ्या वाचनात ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या ज्ञापनानुसार पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या मर्यादेत मोजत नाहीत, आणि आई-वडिलांपैकी एकच गट ब मध्ये असेल तर तेवढ्यावरून मूल क्रीमीलेअरमध्ये जात नाही. हे सांगितलं, तर 'तसा जीआर आणा' म्हणाले.

आईच्या कार्यालयातून गट आणि नेमणुकीची तारीख लिहिलेलं पत्र घेतलंय. एजंट नकोय, ओपनमधून भर हा सल्लाही नको.

एक नोकरीत आणि एक प्रॅक्टिसमध्ये, अशा घरात कुणाला दाखला मिळालाय का? तेव्हा कोणता जीआर जोडला होता, आणि थेट प्रांताधिकाऱ्यांना भेटलं तर चालतं की आधी अपीलच करावं लागतं?